जुन्या तारखेचं कार्ड

आमच्या लॉजवर जे वर्ष चालू होतं, ते जगात कधीच संपून गेलं होतं. काउंटरवरच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात तारीख दिसायची, ती बघून नवा पाहुणा हसायचा. "मॅडम, तुमचं घड्याळ झोपलंय वाटतं." मी म्हणायची, "हो का? तुम्ही सही करा." दिवसातून पाच जणांनी तोच विनोद केला की माणसाचं डोकं फिरतं, आणि माझं तर मुळातच फिरायला तयार असतं.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या पोराला आम्ही अपडेट म्हणायचो. आला की पहिलं वाक्य तेच: "वहिनी, अपडेट करा." त्याच्या मते आमचं मशीन म्हणजे पुराणवस्तू. ज्या कंपनीने त्यातली सिस्टीम बनवली, तिने तिच्यावरचा हात केव्हाच काढून घेतला होता. काही बिघडलं तर कंपनी बघणार नाही, नवं काही त्यावर चालणार नाही. एकदा माझ्या चहात बिस्किट बुडवत म्हणाला, "गंमत सांगू? या मशीनला हे अजून माहीतच नाही. शेवटचा अपडेट आला त्यात ती तारीख लिहून ठेवलीय. तो दिवस उजाडला की मशीन स्वतः पडद्यावर सांगणार, सपोर्ट संपला म्हणून. पण काकू तो दिवस उजाडूच देत नाहीत."

काकू म्हणजे माझ्या सासूबाई, मी त्यांना आई म्हणते. लॉज त्यांचा. आणि मशीनची तारीख मागे फिरवायच्या त्या.

ते का, हे सांगायचं तर आधी कुलपांचं सांगावं लागेल. थोडक्यात सांगते. आमच्या खोल्यांना कार्डाची कुलपं आहेत. दारावरच्या फटीत कार्ड घालायचं, फटीवर एक छोटी झडप आहे ती आत जाते, हिरवा दिवा लागतो, खट्ट होतं आणि दार उघडतं. कुलपाला वायर नाही, आत बॅटरी आहे. कॉम्प्युटरशी त्याचं काही बोलणं नाही. ते दोनच गोष्टी बघतं. एक, कार्डाची मुदत संपली का. दुसरं, हे कार्ड या खोलीचं सगळ्यात नवं कार्ड आहे का. नवं कार्ड एकदा आत गेलं की त्या खोलीची आधीची सगळी कार्डं मेली. मेलेलं कार्ड घातलं तर लाल दिवा लागतो आणि कुलूप तीनदा वाजतं. टी, टी, टी. एवढंच.

ही कुलपं माझ्या नवऱ्याने बसवली होती. त्याची फार हौस. पाहुणा आला की त्याला कार्ड हातात देऊन वर पाठवायचं नाही, हाही त्याचाच नियम. आपण सोबत जायचं, आपण कार्ड घालायचं, आधी आपण आत जाऊन दिवा लावायचा, आणि मग कार्ड पाहुण्याच्या हातात. "माणसाने परक्या खोलीत अंधारात पाय टाकायचा नाही," म्हणायचा. आणि जाताना पाहुण्याने कार्ड दरवाज्याजवळच्या लाकडी पेटीत टाकायचं. पेटीही त्यानेच केली. जरा वाकडीच झाली आहे.

आम्ही दोघं वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत राहायचो. कार्डं दोन, एक त्याचं, एक माझं, एकाच वेळी काढलेली जुळी. घरच्यांच्या कार्डाला मशीन जास्तीत जास्त एक वर्षाची मुदत देतं. कार्डं काढली आणि त्याच महिन्यात एके दुपारी तो बॉयलरचं रबर आणायला गावात गेला. संध्याकाळी टेम्पो पुलाजवळ उभा सापडला. चावी लावलेली, दार उघडं, सीटवर कागदात गुंडाळलेलं नवं रबर. तो नव्हता. नदीत शोधलं, खाली धरणापर्यंत शोधलं. लोक बोलायचं ते बोलले. काही जण तर माझ्या तोंडाकडे बघत बोलले, जसं काही मीच त्याला ढकलून दिलं होतं.

कार्ड त्याच्या शर्टाच्या खिशात होतं.

मी काही महिने त्या खोलीत काढले आणि मग मला ते सोसेना. माझं कार्ड आईंच्या हातात ठेवलं आणि काउंटरमागच्या लहान खोलीत राहायला आले. आईंनी ती खोली नंतर कुणालाच दिली नाही. नवं कार्ड काढलं तर त्याचं मरेल म्हणून. आणि वर्ष भरत आलं की खुर्ची ओढून मशीनसमोर बसायच्या, चष्मा सावरून तारीख एक वर्ष मागे न्यायच्या, मग कुलपांसोबत आलेला हातात मावणारा एक डबा मशीनला जोडून त्यात तीच वेळ भरायच्या आणि दारोदार फिरून प्रत्येक कुलपाला पाजायच्या. त्याचं कार्ड मुदतीत राहावं म्हणून आमचा अख्खा लॉज वर्षानुवर्षं त्याच वर्षात. मी बघायची आणि आतल्या आत जळायची. रोज सकाळी आई माझं जुनं कार्ड घेऊन वर जायच्या, खोली झाडायच्या, टॉवेल बदलायच्या. कुणी राहत नाही त्या खोलीचा टॉवेल. एकदा मी बोलले, "आई, धुण्याला साबण लागतो." त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

खरं सांगते, मला त्याचा राग यायचा. गेलेल्या माणसाचा येतो तसा नाही. उशिरा येणाऱ्याचा येतो तसा. मी बायको की विधवा, हे मला कुणी सांगत नव्हतं, आणि ते मशीन रोज सकाळी तीच शिळी तारीख माझ्या तोंडावर मारायचं.

आईंच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनसाठी त्या शहरात बहिणीकडे गेल्या. निघताना चारदा बजावलं, "वरच्या खोलीला हात लावू नकोस." मी म्हटलं, "नाही लावत. तुम्ही डोळ्याकडे बघा."

त्या गेल्याच्या दुसऱ्या दिवशी डोंगरातल्या रस्त्यावर दरड आली. दुपारपासून गाड्या परत फिरायला लागल्या आणि लॉज भरला. सगळ्यात शेवटी एक म्हातारं जोडपं आलं. बाई तापाने फणफणलेल्या, नवऱ्याच्या खांद्याला टेकून उभ्या. "कुठेही चालेल," ते म्हणाले, "जिन्याखाली गादी टाकलीत तरी चालेल." मी त्यांच्याकडे बघितलं, मग कार्डांच्या फळीकडे. टोकाची एक खोली रिकामी. स्वच्छ, रोज झाडलेली. माणसं जिन्याखाली झोपणार आणि ती खोली कुणासाठी? माझ्या डोक्यात सणक गेली.

मशीनमध्ये खोलीचा नंबर घातला. त्याने विचारलं, या खोलीची जुनी कार्डं रद्द होतील, पुढे जायचं? बाकी खोल्यांना मी रोज हो म्हणायची, या खोलीला मात्र आईंचं कायम नाही होतं. मी हो दाबलं.

एकटीच वर गेले, आधी खोली नीट बघायला. कार्ड घातलं, हिरवा दिवा, खट्ट. दिवा लावला. सगळं जिथल्या तिथे. फक्त बाथरूमच्या दारावर टॉवेल टाकलेला होता, हाताला ओलसर लागला. आई टॉवेल दारावर कधी टाकत नाहीत, घडी करून दांडीवर घालतात. आणि त्यांना जाऊन दुसरा दिवस चालला होता. नळ कुठेतरी उडत असेल म्हटलं. टॉवेल उचलला, दुसरा ठेवला आणि पाहुण्यांना वर आणलं.

सकाळी रस्ता सुरू झाला. बाईंचा ताप उतरला होता. निघताना नवरा जरा घुटमळला. "तक्रार नाही हो," म्हणाला, "पण काल दिवेलागणीला कुणीतरी आमचं दार उघडायला बघत होतं. खोली चुकली असेल. तीनदा वाजायचं, लाल दिवा लागायचा. थोडं थांबून पुन्हा. मी दार उघडलं तर कुणी नाही."

"वास होता," बाई म्हणाल्या. "रबर तापल्यासारखा."

त्यांनी कार्ड पेटीत टाकलं आणि गेले. मी काउंटरला धरून उभी राहिले. मग स्वतःलाच झापलं. तापात माणसाला काहीही वास येतात.

अपडेटला फोन केला. कुलूप बिघडलंय, येऊन बघ. तो दुपार उलटल्यावर आला, ऐटीत. वर गेला, कुलूप खोललं, बॅटरी काढून मोजली, परत बसवली. "ठणठणीत आहे, वहिनी. बॅटरी संपत आली की लांब वाजतं, कुईऽऽ करून. हे तीनदा वाजणं वेगळं. ते मेलेलं कार्ड घातलं तरच. कार्डच नाही तर हे कुलूप तोंड उघडणार नाही."

"मग वाजलं कसं?"

"कुणीतरी जुनं कार्ड घातलं असणार. आहे का कुणाकडे?"

"आईंकडे एक. त्या शहरात आहेत."

"आणखी?"

मी कुलपाकडे बघितलं. तो काय समजायचं ते समजला असावा, कारण विषय बदलून नव्या कुलपांचं सांगायला लागला, मोबाइलने उघडणाऱ्या. "एवढं जुनं मशीन ठेवायचं म्हणजे वहिनी, त्याला म्हाताऱ्या माणसासारखे भास होणारच." दारापुढे उकिडवा बसून स्क्रू आवळत होता, तोंडाचा पट्टा चालूच. खाली बॉयलर सुरू झाल्याची घरघर आली. संध्याकाळचं पाणी तापवायची वेळ, आता तो टायमरवर लागतो. नवरा होता तेव्हा तोच रोज बॉयलर लावायचा आणि हात काळे घेऊन वर अंघोळीला यायचा.

अपडेटच्या नाकासमोर फटीवरची झडप हळूच आत गेली. कुणी पातळ काही आत सरकवावं तशी. लाल दिवा लागला. टी, टी, टी. झडप बाहेर आली.

त्याचा हात स्क्रूवर तसाच राहिला.  जरा वेळाने झडप पुन्हा आत गेली. लाल. तीनदा. या वेळी जरा सावकाश, माणूस कार्ड शर्टाला पुसून परत घालतो तसं. माझा नवरा अगदी तसंच करायचा.

अपडेटने पिशवीत सामान भरलं. पाना विसरला. जिन्यापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "वहिनी, हे अपडेट करायचं काम नाही." आयुष्यात पहिल्यांदाच तो विनोद न करता गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आल्या. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने निम्मंशिम्मं दिसतं. चहा घेतला नाही. कपाटातून टॉवेल काढला आणि जिना चढायला लागल्या. मी म्हटलं, "आई, थांबा." त्या थांबल्या नाहीत. मला खालूनच ऐकू आलं. टी, टी, टी.

त्या उतरून आल्या त्या कठड्याला धरून, एकेक पायरी. काउंटरपुढच्या बाकावर बसल्या. टॉवेल मांडीवर.

"कुणाला दिलीस?"

मी सांगितलं. दरड, म्हातारी बाई, ताप. कुलूप वाजतंय तेही सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील. मला तर तेच हवं होतं, म्हणजे मलाही ओरडता आलं असतं.

"म्हणजे त्याला आत येता येत नाहीये," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"टॉवेल रोज ओला असायचा," आई म्हणाल्या. "पहिल्यापासून. तू खाली राहायला आलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. बाथरूमच्या दारावर टाकलेला. लहानपणापासून सांगतेय त्याला, दांडीवर घाल. नाही ऐकत."

 मला राग आला. "आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत? मी इथे खाली कुढत बसले, तुम्हाला नावं ठेवत बसले, आणि तुम्ही..."

"सांगितलं असतं तर तू वर गेली असतीस."

"गेलेच असते."

"आणि मग खाली कोण आलं असतं?" त्या पट्टी नसलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघत होत्या. "माझा मुलगा गेला होता गं. सून राहिली होती."

मी त्यांच्या शेजारी बसले. 

मग अपडेटला फोन लावला. मेलेलं कार्ड जिवंत करता येतं का? तो म्हणाला, नाही. कुलूप कार्डावरच्या नंबरावरून नवं-जुनं ठरवतं, मागे जात नाही. कुलूप पुसून कोरं करता येईल, पण ते यंत्र कुलपाच्या कंपनीकडे होतं आणि ती कंपनी बुडाली. एवढं बोलून त्याने घाईने फोन ठेवला.

म्हाताऱ्या जोडप्यासाठी दरडीमुळे आठवड्याचं कार्ड काढलं होतं, त्यानेच त्या संध्याकाळी आम्ही दार उघडलं आणि खुर्ची लावून उघडंच ठेवलं. साधी गोष्ट आहे, दार उघडं असलं की कार्ड कशाला हवं. आई आत पलंगावर बसल्या, मी कॉरिडॉरच्या टोकाला. बॉयलर घरघरला. उघड्या दारावरची झडप आत गेली. लाल दिवा, टी, टी, टी. आई आतून म्हणाल्या, "ये रे. उघडं आहे. मी आहे." पुन्हा लाल. पुन्हा तीनदा. मग रबराचा वास पातळ होत गेला आणि थांबला.

सकाळी टॉवेल कोरडा होता. आईंनी तो माझ्यासमोर काउंटरवर ठेवला. "लाल दिवा लागला म्हणजे खोली आपली नाही," त्या म्हणाल्या. "दार सताड उघडं असलं तरी आत जायचं नाही. त्यानेच शिकवलंय आपल्याला." त्या टॉवेलवरून हात फिरवत राहिल्या. "उभा राहिला असेल तिथे. आणि गेला असेल. कुठे जातो कुणास ठाऊक."

मला ते चित्र डोळ्यासमोरून हलेना. काळ्या हातांचा, दमलेला, आपल्याच दाराबाहेर. आणि बाहेर कुणी काढलं? मी.

"नवं कार्ड काढू," मी म्हटलं. "त्याच्यासाठी. पाहुण्याला देतो तसं."

आईंनी मान वर केली. "घेईल?"

"नियम त्याचाच आहे ना. आपण कार्ड घालायचं, आपण दिवा लावायचा, मग त्याच्या हातात. तसं केलं तर येईल."

"मग कर. वर्षाचं कर."

मी मशीनसमोर बसले. आई पाठीमागे उभ्या, खुर्चीच्या पाठीवर हात. खोलीचा नंबर. जुनी कार्डं रद्द होतील, पुढे जायचं? हो. मग मशीनने विचारलं, कधीपर्यंत.

कोपऱ्यात ती तारीख होती. त्याच वर्षातली. मी तिच्याकडे बघत बसले आणि पहिल्यांदा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो रोज कामावरून येत होता. रोज तेच रबर आणायला गेलेला, रोज त्याच पुलावरून परतलेला, रोज हात काळे. एवढी वर्षं त्याची तीच एक संध्याकाळ चालू होती. मशीनला जसं माहीत नव्हतं तसंच त्यालाही माहीत नसणार. आम्हीच तर माहीत होऊ दिलं नव्हतं. दर वर्षी खुर्ची ओढून, चष्मा सावरून, आम्ही त्याला पुन्हा त्या पुलावर नेऊन उभा करत होतो.

आणि मला तो हवा होता. हेही सांगते. वर्षाचं कार्ड काढायचं, रोज संध्याकाळी टोकाच्या खोलीत पाण्याचा आवाज ऐकायचा, वर्ष भरलं की तारीख मागे. आई थकल्या की मी करेन. माझी बोटं त्यासाठीच शिवशिवत होती.

"झालं का?" आईंनी विचारलं. त्यांना पडदा धूसर दिसत होता.

मी उद्याची तारीख घातली. चेक-आउट अकरा. "झालं," म्हटलं.

संध्याकाळी मी दारासमोर जाऊन उभी राहिले. आई जिन्याच्या तोंडाशी.  बॉयलर सुरू झाला. वास आधी आला, तापलेल्या रबराचा आणि त्याखाली त्याच्या शर्टाचा, जो मी विसरले आहे असं मला वाटत होतं. झडप आत गेली. लाल. टी, टी, टी.

"थांब," मी म्हटलं. "मी उघडते."

कार्ड घातलं. हिरवा दिवा, खट्ट. दार ढकललं, आत गेले, दिवा लावला. पलंगाजवळच्या टेबलावर कार्ड ठेवलं. रोजच्या सवयीने तोंडून पाहुण्याला सांगतो तेच वाक्य आलं, "गरम पाणी आलेलं आहे." मग बाहेर येऊन दार धरून भिंतीला लागून उभी राहिले, पाहुण्याला वाट द्यायची तशी.

माझ्या समोरून ऊब गेली. गालावर जाणवावी इतकी जवळून. ती क्षणभर थांबली, की मलाच तसं वाटलं. मग दार माझ्या हातातून सुटून आपोआप लागलं.

आतून पाण्याचा आवाज यायला लागला.

मी दाराला हात लावून उभी होते. आत जायला माझ्याकडे कार्ड नव्हतं. पण दार वाजवलं असतं तर त्याने उघडलं असतं. याची मला इतकी खात्री होती की म्हणूनच मी वाजवलं नाही. वाजवायला हात उचललाही होता. आईंनी मागून येऊन माझं मनगट धरलं. ऑपरेशन झालेली बाई, पण पकड अशी की वळ उठला. "चल खाली," म्हणाल्या. "चल गं बाळा." मी गेले. जिना उतरताना रडत होते, आणि वरचं पाणी अजून वाहत होतं.

सकाळी मी लाकडी पेटी उघडली. आदल्या दिवशीच्या पाहुण्यांची कार्डं होती, आणि सगळ्यात वर माझं ते नवं. त्याच्याखाली आणखी एक होतं. लॉजची जुनी खूण असलेलं, कोपरे झिजलेले, एका बाजूला अंगठ्याचा काळा तेलकट ठसा.

दोन्ही कार्डं घेऊन मी आईंसमोर गेले. त्यांनी जुनं हातात घेतलं, पट्टी नसलेल्या डोळ्याजवळ नेलं, अंगठा त्या ठशावर ठेवला. 

"किती दिवसांचं केलं होतंस?"

खोटं बोलणं मला सहज जमलं असतं. "एका रात्रीचं."

मला वाटलं आता त्या मला लॉजबाहेर काढणार. काढलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं. त्या उठल्या आणि नवं कार्ड मागितलं. त्याची मुदत अजून थोडी बाकी होती. एकट्याच वर गेल्या. खाली आल्या तेव्हा हातात टॉवेल होता, चिंब. घडी केलेला.

"दांडीवर घातला होता," त्या म्हणाल्या.

तो मांडीवर घेऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. कपड्यांना पाणी लागत होतं, त्याकडे लक्ष नव्हतं. मग मशीनकडे बोट केलं. "तारीख बरोबर कर."

मी खरी तारीख घातली. एवढी वर्षं एका दमात. मशीन थबकलं, आतला पंखा जोरात फिरायला लागला, पडदा काळा झाला. आता हे गेलं, असं वाटलं. मग उजेड आला आणि मधोमध एक चौकट उघडली. मी ती यापूर्वी कधी पाहिली नव्हती.

"काय म्हणतंय?" आईंनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. सपोर्टची मुदत संपली आहे. यापुढे कोणतीही मदत मिळणार नाही. तुमचं मशीन चालू राहील. खाली एक बटण होतं, पुन्हा आठवण करू नका. मी माउस तिथे नेला.

"राहू दे," आई म्हणाल्या. "दिसू दे."

मी हात काढून घेतला. तेवढ्यात एक पाहुणा आला, कोपऱ्यातली तारीख बघितली आणि काही न बोलता सही केली. त्याला घेऊन मी वर गेले, दार उघडलं, दिवा लावला, कार्ड हातात दिलं. परत आले तरी आई तिथेच होत्या. टॉवेल त्यांनी वाळत घातला नव्हता. दुपारपर्यंत तो मांडीवरच वाळला.